दोन शब्दांचा कांगा

माझी नणंद रिझिकी मोम्बासाच्या जुन्या शहरात मेंदी काढायची. लग्नसराईत आमच्या ओट्यावर बायकांची रीघ लागायची, आणि हाताबरोबर तिचं तोंडही चालू असायचं. एकदा एका श्रीमंत घरच्या नवरीचा तळवा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "काय मऊ हात गं तुझे. सासूबाई बघतच राहतील." नवरी लाजली. नवरीच्या आईने खूश होऊन वर हलव्याचा डबा दिला. घरी पोचल्यावर त्या आईच्या डोक्यात उजेड पडला, की या बाईने आपल्या मुलीला कामचुकार म्हटलं. ती तणतणत परत आली, तर रिझिकी शांतपणे म्हणाली, "मी मऊ म्हटलं, बाई. कामाचं तुमच्या मनात आलं." तोवर हलवा आम्ही संपवलेला होता.

अशी ती. दोनदा लग्न झालेलं. पहिला नवरा तापाने गेला, दुसऱ्याशी तिचं पटेना म्हणून तिनेच काडीमोड मागितला आणि धाकट्या भावाकडे राहायला आली. तो भाऊ म्हणजे माझा नवरा, अथमान. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मी वन्संना चळाचळा कापायची. पुढे त्यांच्याशिवाय मला घास गोड लागेना.

मेंदीखेरीज त्यांचा दुसरा उद्योग कांग्यांचा. कांगा आम्ही बायका कमरेला गुंडाळतो, डोक्यावरून घेतो, पोर पाठीशी बांधतो. चारी बाजूंनी रुंद काठ, मधे चित्र, आणि खालच्या काठाच्या जरा वर एका पट्टीत ठळक अक्षरांत छापलेली ओळ. त्या ओळीला आम्ही कांग्याचं नाव म्हणतो. नाव नसेल तर तो कांगा नव्हे, पंचा. आणि हे नाव येतं बरोबर पाठीमागे, बसायच्या जागेवर. त्यामुळे एखादीला सुनवायचं असेल तर तोंड उघडावं लागत नाही. तिच्याकडे पाठ करून उभं राहिलं की झालं. तिने जाब विचारला तर म्हणायचं, "मी कुठे काय बोलले? दुकानात मिळालं ते नेसले."

बियाशारा रस्त्यावर वालजीभाईंचं कापडाचं दुकान होतं. वन्सं त्यांना चित्र काढून द्यायच्या, नाव सुचवायच्या. वालजीभाई ते समुद्रापार गिरणीला पाठवायचे आणि काही महिन्यांनी गठ्ठे बोटीने यायचे. गिरणीतल्या माणसांना आमच्या भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं. ते नुसती अक्षरं छापायचे, एकसारखी, मोठी, मधे ना स्वल्पविराम ना काही. वन्सं म्हणायच्या, "तेच तर बरंय. स्वल्पविराम आला की मजा गेली."

स्वातंत्र्याच्या आधीची ही गोष्ट. शहरात बायकांच्या नाचाची दोन मंडळं होती, आमचं बुस्तानी आणि पलीकडच्या मोहल्ल्याचं सफीना. लग्न असो, सुंता असो, ज्या मंडळाचं घर त्या मंडळाचा नाच. बाकांवर रांगेने उभं राहायचं, सगळ्यांच्या अंगावर एकच नवा कांगा, आणि गाण्यातून, कांग्यातून दुसऱ्या मंडळाची जमेल तेवढी उणीदुणी काढायची. आदल्या वर्षी ते जरा जास्तच झालं होतं. सफीनाच्या गाण्यात आमच्या बी झेनाच्या दातांचा उल्लेख आला. बी झेना, म्हणजे झेनाबाई, आमच्या मंडळाची राणी. चालायला लागली की गल्लीत दुसऱ्याला जागा उरायची नाही अशी. कुणाची तरी चप्पल उडाली, ती लिंबूसरबतवाल्याच्या डोक्यात बसली, आणि प्रकरण लिवालींकडे गेलं. लिवाली म्हणजे सरकारने नेमलेले शहराचे कारभारी. त्यांनी दोन्हीकडच्या बायकांना बोलावून बजावलं, "यापुढे गाण्यात किंवा कापडावर उघड शिवी दिसली, की त्या मंडळाचा नाच बंद."

झालं, सगळ्या गप्प. आणि नेमक्या त्याच वर्षी सफीनावाल्यांनी नवीन पाऊल काढलं. अख्खी रांग बाकावरून आडवी सरकायची, आधी डावीकडे, मग उजवीकडे, सगळ्यांचे खांदे एका रेषेत. मी लपून जाऊन पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण अंगावर काटा आला माझ्या. शहरभर त्याचीच चर्चा.

बी झेना आमच्या ओट्यावर येऊन बसली. "रिझिकी, चार महिन्यांनी माझ्या झाकियाचं लग्न आहे. मला असा कांगा पाहिजे की त्या सफीनावाल्यांना मिरची झोंबली पाहिजे, आणि लिवालींनी भिंग लावून पाहिलं तरी काही सापडता कामा नये."

"म्हणजे शिवी पाहिजे आणि नको," वन्सं म्हणाल्या.

"बरोबर. तुलाच जमेल ते."

वन्सं कामाला लागल्या. म्हणजे काय, तर माझं डोकं खायला लागल्या. मी भाजी चिरतेय, यांची ओळ तयार. मी झोपेतून उठतेय, दुसरी ओळ. "ही ऐक सलामा, यात काय दिसतं तुला?" मी सांगायची, शिवी दिसते. किंवा, काहीच दिसत नाही. त्या वैतागून म्हणायच्या, "तू फार सरळ डोक्याची आहेस. माझ्या भावाचं नशीब."

मग एक दिवस घडलं ते असं. मी दारात कणीक मळत बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी आल्या. मी म्हटलं, "कारिबू, काआ." म्हणजे, या, बसा. कुणीही कुणालाही म्हणतं तसं. पण त्यांच्या मागून एक कोळी खेकड्यांची टोपली घेऊन चालला होता. तो गर्रकन वळला आणि टोपली थेट आमच्या दारात टेकवून म्हणाला, "किती देऊ, ताई?"

कारण आमच्या भाषेत काआ म्हणजे बस, राहा. आणि काआ म्हणजेच खेकडा. त्याला वाटलं, मी त्याच्या मालाला हाक मारली. या, खेकडे.

मावशी हसल्या, मी हसले, कोळीही हसला. वन्सं मात्र हसल्या नाहीत. हातातली मेंदीची वाटी तशीच धरून त्या टोपलीकडे बघत राहिल्या. एक खेकडा काठावर चढून आडवा आडवा चालला होता, डावीकडे, मग उजवीकडे.

"सलामा," त्या हळूच म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

"काय?"

"मावशींना म्हणालीस ते."

"कारिबू काआ."

वन्संनी वाटी खाली ठेवली, माझ्या पिठाच्या हातांसकट मला ओढून उभं केलं आणि ओट्यावर गरागरा फिरवलं. मावशींना वाटलं, आमच्याकडे पाळणा हलणार. त्यांनी मला आशीर्वादही देऊन टाकला.

नाव मिळालं, पण चित्राचं काय? खेकडा काढला तर लिवालींना समजणार. फूल काढलं तर सफीनाला समजणार नाही. वन्संनी कागदामागून कागद फाडले. शेवटी त्यांनी मधल्या चौकात एक मोठं फूल काढलं, गोल पोट, बाजूंनी लांब वळलेल्या पाकळ्या, वर दोन टपोऱ्या कळ्या. मेंदीत काढतात तशी पाकळीत बारीक नक्षी भरली. मी कागद हातात घेऊन पाहिला. "फूल छान आहे वन्सं, पण खेकडा कुठाय?"

"कागद मला दे. आता मागे हो. अजून मागे. दाराबाहेर जा."

मी गल्लीपार समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत मागे गेले आणि किंचाळलेच. लांबून नक्षी दिसेनाशी झाली होती. आठ पाय आणि दोन नांग्या, मस्तपैकी पसरलेला खेकडा. जवळून फूल, लांबून खेकडा.

वालजीभाईंनी कागद चष्म्याला भिडवून पाहिला. "सुंदर फूल आहे, बी रिझिकी. आणि नाव पण गोड. या, बसा. पाहुण्यांच्या घरी चालेल, नवीन सुनेला चालेल. मी जास्त मागवतो." वन्सं मान खाली घालून, "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाल्या. मी ओठ चावून धरले होते.

गठ्ठे आले त्या दिवशी बुस्तानीच्या निम्म्या बायका दुकानात हजर. लोखंडी पट्ट्या तोडल्या, गोणपाट फाटलं, आणि नव्या कापडाचा तो कडक वास आला. लाल, काळा आणि पांढरा. खाली पट्टीत ती दोन शब्दांची मोठी अक्षरं. आम्ही लगेच खांद्यावर टाकून पाहिले, एकमेकींना गल्लीत उभं करून लांबून पाहिलं, पुन्हा जवळून पाहिलं. हसून हसून पोटात कळा. वालजीभाईंना काही उमगेना, या बायका माझ्या फुलाला का हसतायत. मग त्यांनी जाहिरातीसाठी एक जोडी दुकानाच्या दारावर टांगली आणि समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. कप तोंडाला लावला, सहज वर पाहिलं, आणि चहा बशीत. धावत रस्ता ओलांडून आले. "बी रिझिकी, हा तर..."

"काय हा?"

"हे तर जनावर आहे."

"कुठाय? दाखवा बरं." वन्संनी त्यांना कापडाजवळ नेलं. जवळून अर्थातच फूल. वालजीभाई चार वेळा पुढे झाले, चार वेळा मागे. मग हळूच विचारलं, "लिवाली चष्मा वापरतात ना?" वन्सं म्हणाल्या, "वापरतात. आणि सगळं जवळ धरून वाचतात." यावर वालजीभाई जे हसायला लागले ते थांबेचनात.

आमच्या मंडळाने आपल्यापुरते कांगे नेले आणि लग्नापर्यंत पेटीत ठेवायचं ठरलं. पण दोन दिवसांनी वालजीभाई स्वतः आमच्या घरी आले. गंभीर चेहरा.

"बी तौहिदा आली होती दुकानात."

तौहिदा म्हणजे सफीनाची गाणी रचणारी. शिवणकाम करायची, उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. वन्संनी तिला पाहिलं होतं, पण दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"मग?"

"कांगा हातात घेतला. नाव वाचलं. फुलावरून बोट फिरवलं. मग मागे सरकायला लागली. मागे, मागे, दुकानाच्या पायरीवरून खाली, रस्त्यात. हातगाडीवाला ओरडला तरी तिला भान नाही. तिथून तिने पाहिलं."

"चिडली?" मी विचारलं.

"हसली. आणि आत येऊन म्हणाली, उरलेले सगळे द्या."

ही बातमी बुस्तानीत वणव्यासारखी पसरली. बी झेनाने पेढे वाटावेत तसा घरोघरी हलवा पाठवला. सगळ्यांचं एकच मत, तौहिदा घाबरली, कांगे जाळून टाकणार, नाहीतर समुद्रात बुडवणार.  रात्री जेवताना अथमान म्हणाला, "काय गं ताई, जिंकलीस तरी तोंड असं का?" त्या म्हणाल्या, "जाळायचे असते तर हसली कशाला असती?"

लग्नाचा दिवस उजाडला. बी झेनाच्या मोठ्या अंगणात कनाती लावलेल्या, पुलावाची भांडी चुलीवर, एका कडेला लांबलचक चरात कोळशाचे निखारे फुललेले, त्यावर सळयांना लावलेलं मांस. दुपार कलली तशा आम्ही बाकांवर चढलो. एकजात लाल, काळा, पांढरा. ढोलकीवर थाप पडली आणि आम्ही अंगणाकडे पाठ करून उभ्या राहिलो, नाव सगळ्यांना दिसावं म्हणून. पाहुण्या बायका जवळून पाहत होत्या, त्यांना फूल दिसत होतं. लांबच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. 

तेवढ्यात दुसरीच ढोलकी ऐकू आली. गल्लीच्या टोकाकडून.

आमची थांबली. आम्ही बाकांवरूनच माना वळवून कुंपणापलीकडे पाहिलं. सफीना येत होती. अख्खं मंडळ, म्हाताऱ्याकोताऱ्या, सगळ्या. आणि सगळ्यांच्या अंगावर आमचा कांगा. चालत नव्हत्या येत. गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगा धरून आडव्या सरकत येत होत्या, डावीकडे, मग उजवीकडे, आणि दर सरकण्याला एक पाऊल पुढे. ते लांबून कसं दिसलं असेल सांगू? गल्लीभर खेकडे. शेकडो लाल खेकडे, ढोलकीवर डुलत येतायत. माड्यांवरच्या बायका गवाक्षांतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. कुणीतरी जिभेने तो लग्नातला उंच लकारा काढला आणि मग सगळी गल्लीच लकारली. आमच्या बाकावरच्याही दोघी लकारल्या. बी झेनाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या खाली बसल्या.

सफीना दारात आली. इतक्या जवळून आता सगळी फुलंच दिसत होती. तौहिदा पुढे झाली आणि अदबीने बी झेनाला सलाम करून म्हणाली, "तुम्ही लिहिलंत, या, बसा. एवढ्या आग्रहाचं बोलावणं कोण मोडणार? आम्ही आलो."

आणि त्या बसल्या. चटयांवर, पायऱ्यांवर, आमच्याच बाकांच्या कडांवर. आमच्याकडे दारात आलेल्याला जा म्हणत नाहीत, आणि इथे तर बोलावणं प्रत्येकीच्या पाठीवर छापलेलं. बी झेनाला हसावं लागलं. हसत हसतच तिने वन्संचा दंड धरून त्यांना भांड्यांमागे ओढलं.

"पुलाव आपल्यापुरता आहे. आता यांना काय तुझी मेंदी खायला घालू?"

मी वन्संकडे पाहिलं. वाटलं, रडतील. त्यांच्या डोळ्यांत मात्र असं काही चमकत होतं की मला त्या दिवसाची आठवण झाली, ओट्यावर फिरवलं होतं त्याची. दंड सोडवून त्या सरळ तौहिदासमोर गेल्या.

"तुम्ही आलात, बरं वाटलं. पण अशा दाराशी कशा बसलात? तुमची जागा मी राखून ठेवलीय." आणि तिचा हात धरून त्यांनी तिला अंगणातून नेलं ते थेट त्या निखाऱ्यांच्या चराजवळ. तिथे एक चौरंग सरकवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "कारिबू काआ."

 मग एकेकीच्या डोक्यात शिरलं. काआ म्हणजे निखारासुद्धा. आणि कारिबू म्हणजे 'या' तसंच 'जवळ'. निखाऱ्याजवळ. पाठीवर छापलेल्या त्याच दोन शब्दांत तिसरी गोष्ट दडलेली होती आणि आमच्यापैकी एकीलाही ती दिसली नव्हती. बुस्तानीच्या बाकांवरून जो काही गलका उठला, विचारू नका. मी तर बाकावरून पडतापडता वाचले.

तौहिदा चौरंगावर बसली. निखाऱ्यांची धग अशी की दोन हात लांबही उभं राहवत नव्हतं. तिच्या कपाळावर घाम डवरला. सगळ्या बघतायत, आता उठते का मग उठते. ती उठली नाही. तिने बाह्या वर सारल्या, बाजूला पडलेला विणलेला पंखा उचलून निखाऱ्यांना दोनदा वारा घातला आणि दाराकडे बघून टाळी वाजवली.

दोन हमालांनी हातगाडीवरच्या टोपल्या आत आणून ठेवल्या. झाकण काढलं. खेकडे. दोऱ्याने बांधलेले, चिखलातले मोठाले खेकडे, टोपल्या भरभरून.

"आम्ही रिकाम्या हाताने जात नाही कुणाकडे," तौहिदा म्हणाली. "आणि बी रिझिकी, तुम्ही मला इथेच बसवणार हे मी कांगा पाहिला त्या दिवशीच ओळखलं होतं. म्हणून भाजायचं आणलं."

  वन्सं जमिनीवरच बसल्या, तौहिदाच्या पायांशी, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "सगळं वाचलंस," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "सगळंच्या सगळं वाचलंस गं बाई." एका वाक्यात त्यांचं तुम्हीचं तू झालं होतं, आणि तौहिदाने ते चालवून घेतलं.

मग काय. खेकडे निखाऱ्यांवर गेले, वरून लिंबू आणि मिरची. आमच्या काही म्हाताऱ्या खेकडा खात नाहीत, त्यांनी पुलावावर ताव मारला. बाकीच्यांनी बोटं चाटली. त्या संध्याकाळी दोन्ही मंडळं एका बाकावर नाचली. सफीनाचं आडवं पाऊल मी शिकले, आणि शेजारच्या सफीनावालीच्या पायावर इतकेदा पाय दिला की तिने मला नावच ठेवलं, उलटा खेकडा. नवरी झाकियाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती बिचारी मधेच उठून आमच्यात येऊन नाचली, मेंदीच्या हातांनी.

बी झेनाला मात्र ते कधीच पचलं नाही. "शत्रूला जेवू घातलंस माझ्या पैशाने," म्हणत तिने वन्संशी कितीतरी दिवस अबोला धरला. लिवालींच्या कानावर गोष्ट गेली. त्यांनी कांगा मागवून घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला, आणि दोन मंडळांना एकत्र आणणारा कांगा म्हणून त्याचं कौतुक केलं. आपल्या दोन्ही बायकांसाठी एकेक जोडीही नेली. त्यानंतर त्या दोघींमध्ये काय झालं ते मी इथे सांगत नाही.

वालजीभाईंनी पुन्हा मागवले, ते गेले. पुन्हा मागवले, तेही गेले. पार टांगा शहरापासून बातम्या यायच्या. एका सासूने तो सुनेला दिला आणि सून आठवडाभर विचारत राहिली, मला बसा म्हणताय की खेकडा म्हणताय. एका खानावळीने तो दारावर टांगला, तिथे लोक खेकडे मागायला लागले, आणि खानावळवाल्याला ते शिजवायला शिकावं लागलं. प्रत्येक बातमीला वन्सं मला म्हणायच्या, "जा, तौहिदाला सांगून ये." मी निघेपर्यंत त्यांना राहवायचं नाही, आणि त्या माझ्या आधी चप्पल घालून बाहेर.

त्या दोघींची जोडी जमली ती अशी. एकीने नाव सुचवायचं, दुसरीने त्यात अर्थ शोधायचे. तीनहून कमी सापडले तर नाव बाद. तौहिदा शिवणाच्या मशीनवर, वन्सं बाजूला कुणाचा तरी हात मांडीवर घेऊन, आणि दोघींची अखंड भांडणं. "यात काही नाहीये, सरळ आहे हे." "तुझी नजर सरळ आहे." मधे गिऱ्हाईक असायचं, तेही भांडणात पडायचं, आणि मेंदी वाळून जायची.

काही वर्षांनी आम्ही तिघी लामूला गेलो, पैगंबरजयंतीच्या उत्सवाला. वन्सं पहिल्यांदाच मोम्बासाबाहेर पडत होत्या. होडी धक्क्याला लागते न लागते तोच त्यांनी माझा हात दाबला. समुद्राकडे तोंड केलेल्या एका घराच्या दाराला पडदा म्हणून आमचा कांगा लावलेला होता. उन्हाने लाल रंग गुलाबी झालेला, अक्षरं मात्र ठसठशीत.

"पाहुण्यांसाठी लावलाय," तौहिदा म्हणाली.

"शेजारणीसाठी लावलाय," वन्सं म्हणाल्या. "समोरच्या घराकडे नाव केलंय बघ."

पैज लागली. सामान धक्क्यावर माझ्या हवाली करून दोघी निघाल्या; मीही गाठोडी ओढत मागे. दारात चाळिशीची एक बाई नारळ खवत बसली होती. सलाम झाले, कुठून आलात झालं. मग वन्संनी साळसूदपणे विचारलं, "कांगा छान आहे. यातला काआ कुठला हो? बसा, की खेकडा?"

"दोन्ही नाही," ती बाई म्हणाली.

"निखारा?" तौहिदा उत्साहाने म्हणाली.

"छे. निखारा कशाला येईल यात?" बाईने खवणी बाजूला ठेवली. "माझा नवरा जहाजावर होता. वाऱ्याबरोबर यायचा, वाऱ्याबरोबर जायचा. एक वर्ष म्हणाला, बास झालं, आता राहतो. पेटी घरात आणली, खिळा ठोकून टोपी टांगली. आणि वारा फिरला तसा एक दिवस धक्क्यावर जाऊन उभा राहिला. मी काय ते समजले." तिने पडद्याकडे हनुवटीने खूण केली. "दुकानात हा दिसला तेव्हा वाटलं, कुणीतरी माझंच लिहिलंय. जवळजवळ राहिला."

कारिबू म्हणजे या, कारिबू म्हणजे जवळ, आणि कारिबू म्हणजे जवळजवळ. काआ म्हणजे राहा. रोज तोंडात असलेले शब्द. दोघींपैकी एकीलाही हे दिसलं नव्हतं. वन्सं तौहिदाकडे बघत राहिल्या, तौहिदा वन्संकडे.

"कुणी लिहिलंय कोण जाणे," बाई म्हणाली, "पण तिच्यावरही अशी वेळ आली असणार."

वन्संनी आयुष्यात आपली एक ओळ दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली नव्हती. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "असेल." मग म्हणाल्या, "बाई, तुमचा हात द्या बघू." आणि तिथेच उंबऱ्यावर बसून, पिशवीतली मेंदी भिजवून, त्यांनी तिच्या दोन्ही तळव्यांवर फुलं काढली, अगदी बारीक, सावकाश. बाईने आम्हाला नारळाच्या रसातली तूर आणि तळलेले पाव खाऊ घातले. नवऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. त्यातल्या काही इतक्या विनोदी होत्या की ठसका लागला.

परतीच्या होडीत समुद्र खवळलेला. तौहिदाला भयंकर मळमळत होतं, तरी ती काठाला धरून वाद घालत होती.

"तू लिहिलंस. तुला ठाऊक नको?"

"तू वाचतेस ना सगळं? मग दिसलं का नाही?"

"मला तीन दिसले. तीन पुष्कळ असतात."

"चौथा त्या बाईला दिसला. पाचवा कुणाला तरी दिसला असेल. किती जोड्या गेल्या, वालजीभाईंना विचारायला हवं. घराघरात जाऊन विचारायला हवं, सलामा, ऐकतेस का?" वन्संचे डोळे लकलकत होते, खारं पाणी तोंडावर उडत होतं ते पुसायचंही भान नव्हतं. "टांगा, पांगानी, झांझिबार. सगळीकडे जायचं. उद्याच चौकशी कर होडीची."

तौहिदाने काठावरून मान वर काढली. "होडी सोडून दुसरं काही चालणार नाही का?" ती म्हणाली, आणि पुन्हा खाली वाकली.